आंबिवलीच्या मुलाला वर्गात आणलं तो दिवस

आमच्या हेडमास्तरांचा विषय निघाला की ठाण्यातली जुनी माणसं अजून हात जोडतात. ‘काय शिस्त होती!’ म्हणतात. मी त्या शिस्तीत वाढलो आहे. माझे हात काही जुळत नाहीत.

मी कल्याणचा. हायस्कुलासाठी ठाण्यात मामाकडे राहत होतो. आमच्या वर्गाचा मॉनिटर होता खाडीकाठच्या एका आगरी घरातला मुलगा. त्याचा बाप मिठागरावर काम करायचा. हेडमास्तरांनी त्याला मॉनिटर नेमला तो अंगानं थोराड म्हणून. पोरं त्याला वचकून राहतील असा त्यांचा अंदाज. पण त्याला कुणी भ्यायचंच नाही. दोघं भांडले तर तो मध्ये जाऊन बसायचा, आणि तो बसला की भांडण संपायचं. कुणी उपाशी आलेलं त्याला न सांगता कळायचं. आपली भाकरी मोडून तो पुढे करी, आणि ती घेताना आमच्यातल्या सोवळ्या घरच्या मुलांनाही घरचं सोवळं आठवत नसे. पुढारी कसा असतो ते मी त्याच्यात पाहिलं, पुस्तकात नव्हे.

त्या साली दसऱ्यानंतर तापाची साथ आली. नेमकी तेव्हाच इन्स्पेक्टरसाहेबांची स्वारी शाळा तपासायला येणार होती. हेडमास्तरांची बढती त्यांच्या शब्दावर होती. त्यांनी वर्गात येऊन बजावलं, ‘ताप असो, काही असो, एकही बाक रिकामा दिसता कामा नये.’

साहेब आले त्या सकाळी एक बाक रिकामा होता. तो आंबिवलीच्या मुलाचा. सगळ्या शाळेत गणितात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. तळ्यामागे मावशीकडे राहायचा. हेडमास्तरांनी मॉनिटरला पाठवलं, ‘जा, घेऊन ये त्याला.’

तो एकटाच परत आला.

‘कुठे आहे तो?’

‘मास्तर, तेला हीव भरलंय. अंगावर गोधड्या टाकल्या तरी दात वाजतान. तो नाय येनार.’

‘ते तू ठरवणार?’

‘तुमीच सांगितलंत ना, पोरांवर लक्ष ठेव म्हनून? ठेवलं.’

वर्गात कुणीतरी हसलं. हेडमास्तरांनी छडी उचलली आणि त्याच्या तळहातांवर ते फुटेपर्यंत ओढली. मग त्यांनी शिपायाला पिटाळलं.

शिपायानं त्या पोराला पाठुंगळीला घालून आणलं. मागून त्याची मावशी अनवाणी, पदर सावरत, दारापर्यंत आली. तिला बाहेरच थोपवलं. मुलाचे डोळे लाल झाले होते, ओठ पांढरे. त्याला बाकावर टेकवून ठेवलं, एखादं गाठोडं ठेवावं तसं.

साहेब आत आले. हेडमास्तरांनी हसत हसत त्यालाच उभं केलं, आमचा हुशार विद्यार्थी म्हणून! साहेबांनी त्रैराशिक घातलं. पोरानं खडू हातात घेतला, फळ्याकडे पाहिलं, आणि तो उभ्या उभ्या खाली कोसळला. बाकाची कड डोक्याला लागल्याचा आवाज झाला.

मग मॉनिटर उठला. रक्ताळल्या हातांनी त्यानं त्याला खांद्यावर घेतलं आणि साहेबांच्या समोरून चालू लागला. मी उठलो. माझ्यामागे बाक सरकल्याचे आवाज आले. सगळा वर्ग बाहेर पडला.

‘कोण हा मुलगा?’ साहेबांनी विचारलेलं मी दारातून ऐकलं.

‘मिठागरावरचा रेडा आहे, साहेब. चुकून शाळेत घेतला.’

हे हेडमास्तरांचं उत्तर. आज इतक्या वर्षांनी ते मी जसंच्या तसं कागदावर उतरवतो आहे.

आंबिवलीचा मुलगा जगला, पण त्याचे दोन्ही कान गेले. गणित करणारा तो पोर पुढे गावी गुरं राखू लागला. बाकीच्यांचं दंडावर भागलं. मॉनिटरचं मात्र नाव शाळेतून काढलं. आम्ही काहीजण त्याच्या बापाला घेऊन हेडमास्तरांच्या घरी गेलो. बाप अंगणातच उभा राहिला.

‘माज्या पोरानं चोरी केली काय?’ एवढंच त्यानं विचारलं.

‘उद्धटपणा केला,’ हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यांना बढती मिळाली ती त्याच वर्षी.

पुढे प्लेगाच्या साली लोक आपल्या माणसांना टाकून पळत होते, तेव्हा तो मिठागरावरचा मुलगा आपल्या गावाला माळावर झोपड्या बांधून राहायला घेऊन गेला. घरोघर जाऊन आजाऱ्यांना उचलायचा. कुणी नेमलं नव्हतं त्याला. गाव त्याच्यामागे गेलं, आमचा वर्ग गेला होता तसंच.

त्याच सुमारास कल्याण स्टेशनात हेडमास्तर भेटले. अंगावर शालजोडी, मागे हमाल. मला ओळखून म्हणाले, ‘वा! तुझ्यासारखी मुलं आम्ही घडवली, याचं समाधान वाटतं.’

‘मास्तर,’ मी म्हणालो, ‘तुम्ही एकाचे कान घेतलेत आणि एकाची शाळा. जे घडलं ते तुम्हाला न जुमानता घडलं.’

त्यांनी शालजोडी सावरली. मग हमालाला म्हणाले, ‘चल रे, गाडी आली.’

गाडी आली नव्हती. मी तिथेच उभा राहिलो. ते फलाटाच्या पार टोकाला जाऊन पाठ फिरवून उभे राहिले, आणि मला आणखी कितीतरी बोलायचं होतं.