अंगणातला खो-खो

मी अंगणात खो-खोचे दोन खांब गाडले. खेळायला घरात माणसं होती तीन.

पांढुर्णा जिल्हा झाला, माझी बदली सौंसरहून इकडे झाली आणि फायलींच्या गठ्ठ्यांमागोमाग मी, बायको आणि नववीतली मुलगी असे तिघं इथे आलो. सौंसरला ती शाळेच्या खो-खो संघात होती. संध्याकाळी गुडघे सोलून यायची आणि जेवताना एवढं बोलायची की मीच म्हणायचो, "अवं, घास तं गिळ." इथे आल्यावर ती मुकाट्याने घास गिळू लागली. मग घासही कमी झाले. शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "शरीरात काही नाही. तिचं मन कशात रमायचं?"

"खो-खोत!" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या झटकन उत्तर आलं, त्या आनंदात पुढचं ऐकायला थांबलोच नाही. थेट सुताराकडे गेलो.

खांब गाडताना शेजारी कुंपणावरून पाहत होते. "साहेब, पत्रे टाकून राहिले का?"

"खो-खो आहे."

त्यांनी दोन खांबांमधली जागा निरखली. "बकऱ्याइचा का?"

संध्याकाळी मी बायकोला मधोमध उकिडवं बसवलं, मुलीला पळ म्हणालो आणि धोतर नसूनही कासोटा मारल्याच्या आवेशात उभा राहिलो. मुलगी खांबाला हात लावून तशीच उभी.

"बाबा, आई एकटीच बसून आहे. खो-खोले आठ जणीइची रांग लागते. मी कोणाच्या मधून पळू?"

ती माझ्यावर हसली असती तरी चाललं असतं. हसली नाही. आत गेली, दार लावलं. बाहेर मला तिचं रडणं ऐकू येत होतं आणि मी उगाच खांब हलवून पक्का आहे का ते पाहत होतो. बायकोने गुडघा चोळत उठून दोन्ही खांबांना दोरी बांधली. "कपडे तं वाळतीन," एवढंच म्हणाली.

रविवारी मी मुलीला घेऊन सौंसरची बस धरली. मैदानावर सराव चालला होता. खांबाजवळच्या तिच्या जागेवर दुसरीच एक पोरगी बसलेली. मुलगी कडेलाच थांबली. तिचा चेहरा पडला. ही दुसरी घोडचूक. परत जाऊ म्हणणार, तेवढ्यात रांगेतल्या एकीने तिला पाहिलं आणि खो मिळायची वाट न पाहता उठून धावली. मग सगळी रांगच उठली. कोणी वेणी ओढली, कोणी नुसता हात धरला. माझी मुलगी एकीच्या मातीने भरलेल्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. घरात दार लावून रडायची, इथे उघड्या मैदानात. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत-उघडत राहिलो.

बऱ्याच वेळाने, जिच्या खांद्यावर ती रडली होती ती पोरगी माझ्याकडे आली. तिच्या खांद्यावरच्या मातीत माझ्या मुलीच्या आसवांचे ओघळ तसेच होते.

"काका, तुमी अंगणात खांब गाडले म्हणते ही."

"हो."

"खांबासंग बोलन का ती? आमाले बोलवाचं सोडून लाकडं आणले! एवढे मोठे झाले, तुमाले काहीच नाही समजत."