भाऊसाहेबांच्या नाण्यांचा सौदा

जुनी नाणी जमवणाऱ्यांकडे नाण्यांइतकेच किस्सेही जमत जातात. फरक एवढाच, की नाणं कोणीतरी विकत घेतं, किस्से फुकट वाटावे लागतात. आमच्या मंडळींचे किस्से मी इतक्या वेळा सांगितले आहेत, की मी "एकदा काय झालं" म्हटलं की आमच्या घरचे पाणी प्यायला उठतात. तुम्ही नवीन आहात, बसा.

माझं अमरावतीला औषधांचं दुकान होतं. नाण्यांमधलं मला तेव्हाही काही कळत नव्हतं, आताही कळत नाही. पण पुड्या बांधायला लागणारा काचेच्या पेटीतला तराजू माझ्याकडे होता, फुंकर मारली तरी हलणारा. वजनावरून म्हणे नाण्याचं खरं-खोटं कळतं. तेवढ्या तराजूसाठी ही मंडळी रविवारी दुपारी दुकानात येऊन बसायची. मी दाराच्या निम्म्या फळ्या लावून घ्यायचो. चहा माझ्या नावावर यायचा, हे सांगायला नकोच.

मंडळी म्हणजे तिघं. भाऊसाहेब गावंडे, बांधकाम खात्यातून रिटायर झालेले ओव्हरसियर. सगळा वऱ्हाड सायकलवर पालथा घातलेला, आणि जिथे मुक्काम तिथल्या सोनाराकडून जुनं नाणं घेतलेलं. दुसरे परतवाड्याचे हाश्मी वकील, फारसी वाचणारे. तिसरे अकोल्याचे वानखडे गुरुजी, हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. खरा संग्रह एकट्या भाऊसाहेबांचा. बाकी दोघांकडे नाणी चार-दोन आणि मतं पोतंभर.

*

एकदा एक गिऱ्हाईक खोकल्याचं औषध न्यायला आलं. आमची बैठक बघून त्याने खिशातून एक काळं पडलेलं गोल काढलं. शेतात सापडलं म्हणाला.

हाश्मी वकिलांनी ते उजेडाला धरलं, तिरपं केलं, रुमालाने पुसलं. "शाह आलम. टाकसाळ एलिचपूर. साल घासून गेलं हाये, पन अक्षराचं वळण पाहा." मग त्या वळणावर ते असे बोलत सुटले, की गिऱ्हाईक खोकायचं विसरलं.

तेवढ्यात भाऊसाहेबांनी ते गोल हातात घेऊन उलटं केलं. मागे दोरा ओवायची दांडी होती. लग्नाच्या बँडवाल्यांच्या कोटाला असतं ना, ते बटण!

वकीलसाहेब जागचे हलले नाहीत. म्हणाले, "बटन असंन. म्या जे वाचलं ते कायम हाये. मंजूर नसंन तं अपील करा."

*

असं मजेत चाललं होतं. मग भाऊसाहेबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एक डोळा गेलाच, दुसऱ्याने थोडंफार दिसायचं. नाणं बघायचं तर ते नाकाला लावून आधी अंगठा फिरवायचे, मग बोलायचे.

त्यांचा मुलगा भोपाळला नोकरीला. सुट्टीत आला आणि नाण्यांची पेटी उचलून बघत म्हणाला, "बाबा, एवढ्या चांदीत दोन ताटं अन् तांब्या-भांडं सहज होईन." पोरगा वाईट नव्हता. बापाची वस्तू वापरात राहावी एवढंच त्याच्या मनात होतं.

त्या रविवारी भाऊसाहेब आले आणि चहाला हात न लावता बसले. नंतर मला म्हणाले, "अन्ना, मी मेलो का हे सारं ताटात जाईन. त्यापरीस जित्तेपनी इकून टाकतो. पन एका हाती. एक बी नानं इकडंतिकडं नाही, अन् मुशीत तं नाहीच नाही." सोनार चांदी वितळवतो ती मूस. मला फार वाईट वाटलं. मी दुसरा चहा मागवला.

आता प्रश्न असा, की किंमत काय सांगायची? तीस वर्षांत भाऊसाहेबांनी नाणी घेतली होती, विकलं एकही नव्हतं.

*

पहिल्यांदा आम्ही इथल्याच सराफ्यात गेलो. नुसता अंदाज घ्यायला.

सराफाने पेटी बघितली, चांदी कसाला लावली, घट किती धरायची ते सांगितलं. शाह आलम असो की पंचम जॉर्ज, त्याच्या लेखी सगळे तोळ्यावर.

तेवढ्यात सराफाच्या हाताला दोन नाणी वेगळी लागली. त्या दोन्हींना कोणे एके काळी कोणा बाईच्या गळ्यात घालायला वर कडी लावलेली होती. नाणेवाल्यांच्या दृष्टीने कडी लागली की नाणं वाया गेलं. भाऊसाहेबांनी ती लाजेखातर तळाशी ठेवली होती.

सराफाचा चेहरा उजळला. "हे मातर कामाचे हायेत. याचे जास्त देतो. गिऱ्हाईक हाये याले."

भाऊसाहेबांनी पेटी ओढून घेतली.

सराफ मागून ओरडून सांगतो, "अहो ओव्हरसियर साहेब, बाकीच्यालेबी कड्या लावून देतो ना मी. भाव वाढीन!"

*

मग वानखडे गुरुजींनी प्रकरण हातात घेतलं. गुरुजींचं म्हणणं, किंमत अंदाजाने ठरवायची नसते, सूत्राने ठरवायची असते. ते शनिवारी पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरले ते सूत्र घेऊनच. नाण्याचं वय गुणिले वजन, त्याला धातूचा भाव, त्यातून झीज वजा.

दोन रविवार आम्ही मांडणी करत होतो. मी वजनं करून द्यायचो, गुरुजी पाटीवर आकडे टाकायचे. उत्तरं मोठी मजेदार यायला लागली. हाश्मी वकील ज्या रुपयासाठी भाऊसाहेबांच्या पाया पडायला तयार होते, तो झीज वजा जाता सव्वा रुपयाला आला. आणि सातवाहनांच्या काळातली म्हणून ठेवलेली शिशाची एक चकती, जिच्यावर हत्ती आहे की बैल यावर आमचं कधी एकमत झालं नाही, तिची किंमत नुसत्या वयापायी कलेक्टरच्या बंगल्याच्या वर गेली.

भाऊसाहेब म्हणाले, "गुरुजी, या हिशोबानं माह्या आंगनातला धोंडा कितीचा होईन?"

आम्ही हसलो. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पाटी पुसली, खडू घेतला आणि म्हणाले, "वय सांगा धोंड्याचं."

*

शेवटी नागपूरच्या एका जाणकाराला बोलावायचं ठरलं. मोठा अभ्यासू माणूस, भिंग आणि मखमलीचा तुकडा घेऊन फिरणारा. गाडीभाडं आम्ही तिघांनी मिळून काढलं.

भाऊसाहेबांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, यांना नाण्यांचं कधी कौतुक नव्हतं. "लोकाचे नवरे घरात धान्य आनतात, आमचे जंग आनतात," असं त्या आल्या-गेल्याला ऐकवायच्या. विकायचं ठरलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं." पण घरी पाहुणा येणार म्हटल्यावर त्यांच्या हाताला राहवेना.

जाणकार आले, बसले, मखमल पसरली. भाऊसाहेबांनी पेटी उघडली आणि सगळी तांब्याची नाणी दिवाळीतल्या समईसारखी लखलखली. वहिनींनी आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून एकेक नाणं घासलं होतं. भाऊसाहेबांना नीट दिसत नव्हतं, पण अंगठा फिरवल्याबरोबर कळलं.

जाणकार कळवळून म्हणाले, "अहो बाई, काय केलंत? ह्या नाण्यांवर चारशे वर्षांचा थर होता."

"होता ना," वहिनी म्हणाल्या. "चारशे वर्षांत कोनी घासलंच नोतं."

जाणकारांनी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं आणि किंमत न सांगता संध्याकाळच्या गाडीने गेले.

*

गुरुजींच्या ओळखीने अकोल्याचे एक शेठजी मिळाले. सरकीचा व्यापार, शिवाय चांदीची पेढी. बोलायला गोड माणूस. म्हणाले, "काचेचं कपाट करून घेतो. येनारा-जानारा पाहीन. तुमचं नाव लिवून ठेवीन वर." भाऊसाहेबांनी मुशीचं विचारलं, तर शेठजींनी दोन्ही कानांना हात लावले. भाऊसाहेब खूश झाले.

तीन हजार तर ठरल्यासारखेच होते. वरचे किती शे, एवढंच राहिलं. शेठजी पडले बाजारातले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून भाऊसाहेबांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. कापसाच्या आणि बैलांच्या बाजारात असाच सौदा होतो. तोंडाने आकडा काढायचा नाही. जितकी बोटं दाबली तितके शे.

भाऊसाहेबांनी आयुष्यभर रस्ते बांधले, बैल एकही विकला नाही. त्यांना वाटलं, आपले डोळे गेले म्हणून शेठजी धीर देताहेत. त्यांचे डोळे भरून आले. शेठजींनी दोन बोटं दाबली होती, यांनी अख्खा पंजा धरून घट्ट दाबला.

शेठजींनी परत तीन बोटं दाबली. भाऊसाहेबांना हुंदका आला. त्यांनी पंजा सोडला नाही.

"पाच तं पाच," शेठजी म्हणाले आणि रुमाल काढून घेतला. बाहेर पडताना मला बाजूला घेऊन म्हणतात, "तुमचे भाऊसाहेब दिसतात गरीब, पन बैलबाजारात असते तं दलालाले उपाशी मारलं असतं. रडून भाव वाढवनारा मी पैल्यांदा पायला."

पैसे आणि माल दिवाळीच्या पाडव्याला. व्यापाऱ्याला पाडव्याचा सौदा शुभ असतो.

*

पाडव्याच्या सकाळी आम्ही सगळे भाऊसाहेबांकडे जमलो. भाऊसाहेब इस्त्रीचं धोतर नेसून बसले होते. रात्रभर झोपले नसावेत. "चांगल्या घरी चालले," असं दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना आमच्याकडे बघितलं नाही.

शेठजी आले. सोबत हमाल, हमालाजवळ रिकामी थैली. भाऊसाहेबांनी पेटी आणायला सांगितली. वहिनी म्हणाल्या, "पेटीत काई नाई. आत या."

आत लक्ष्मीपूजन अजून उचललेलं नव्हतं. पाट, पाटावर लाल कापड, झेंडू, लाह्या-बत्तासे, आणि मधल्या मोठ्या परातीत भाऊसाहेबांचा सगळा संग्रह. चांदी, तांबं, शिसं, ती हत्ती की बैलवाली चकतीसुद्धा. एकेका नाण्याला हळद आणि कुंकू लावलेलं. एवढी नाणी, बाईने रात्री किती वेळ घातला असेल कोण जाणे.

हाश्मी वकील हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, बादशाह लोकांचं प्रमोशन झालं."

भाऊसाहेब परातीशी वाकले. बोटाला कुंकू लागलं तेव्हा त्यांना कळलं. "अवं, सौदा झाला होता ना," ते म्हणाले.

"पाडव्याले होता," वहिनी म्हणाल्या. "लक्ष्मीपूजन पाडव्याच्या आदी येते. त्याले मी काय करू?"

शेठजींनी परातीकडे बघितलं. मग त्यांनी बाहेर जाऊन जोडे काढले, परत आले, पाटापुढे वाकून नमस्कार केला. सौदा पक्का करायला म्हणून त्यांनी एक राणीछाप रुपया आणला होता. तो त्यांनी परातीत ठेवला. लक्ष्मीपुढून रिकामं कसं उठायचं!

दारात जोडे घालताना ते वहिनींना म्हणाले, "माफ करा बाई. पूजेले लागलेली चांदी आमी मुशीत टाकत नाई."

मुशीचं नाव त्या सकाळी कोणीच काढलं नव्हतं.

हमाल थैली झटकत मागोमाग गेला. गुरुजी माझ्याकडे बघत होते, मी वहिनींकडे. वहिनी समईची वात पुढे करत होत्या.

भाऊसाहेबांनी परातीतून शेठजींचा रुपया उचलला. कडेवरून अंगठा फिरवला, नाकाजवळ नेला, खिडकीकडे वळून धरला. मग म्हणाले, "अवं, या सालचा आपल्याजवळ नोता."

"ठेवा मंग त्यातच," वहिनी म्हणाल्या आणि हळदीकुंकवाची कोयरी त्यांच्यापुढे सरकवली.