टेकडीवरून दिलेली ओ

पन्नाशी उलटेपर्यंत मी एकटी कधी झोपलेच नव्हते. माहेरी बहिणींच्या रांगेत, सासरी जळगावात कापडदुकानाच्या वरच्या भरल्या घरात. त्यामुळे चोपड्यापुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका टेकडीवर तंबू ठोकून एक रात्र एकटीनं काढायची म्हणाले, तेव्हा घरात हसू पिकलं. नवरा म्हणाला, अंधार पडला की फोन येईल, मी गाडी काढूनच ठेवतो. तो खोटा ठरावा एवढंच मला हवं होतं.

टेकडीखाली आमच्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, एका आबांचा, केळीचा मळा होता. राखणीला ते तिथेच झोपत. मी वर निघाले तेव्हा त्यांनी इकडची रीत सांगितली. रानात कोणी एकटं असलं की दिवेलागणीला खालून हाक मारतात; ओ आली नाही तर वर जाऊन बघतात.

"ताई, ओ द्या. ओ नही उनी ते मी वर येसू."

तंबू उभा होईपर्यंत बरं चाललं होतं. सूर्यास्ताआधी ठेपले खाल्ले, पाणी प्यायले, आणि मग करायला काही उरलंच नाही. झुडपात खसफस झाली. बिबट्या, अस्वल, चोर, सगळे एकदम आठवले. घरी जीव घाबरला की मी सामायिकाला, आम्हा जैनांच्या ध्यानाला, बसते, तशी इथेही बसले. तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधायची, दोन घडी, म्हणजे पाऊण तासभर, उठायचं नाही की कुणाशी बोलायचं नाही.

बसले न बसले तोच खालून हाक आली.

मी आबांचं बोलणं साफ विसरले होते. नेम मोडवेना, गप्प राहवेना. पुन्हा हाक, मग आणखी एक, जरा घाईची. मग बॅटरीचा उजेड टेकडी चढू लागला. म्हाताऱ्या माणसाला माझ्यापायी चढ चढावा लागतोय याची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर, सुटले एकदाची, असंही वाटलं. आता त्यांच्याबरोबर उतरायचं. नवऱ्याला सांगायला कारणही आयतं मिळालं होतं.

आबांनी मुहपत्ती पाहिली, चपला काढल्या आणि धापा टाकत लांब दगडावर बसून राहिले. माझं सामायिक संपल्यावर म्हणाले, "भेव वाटस का, ताई? चला खाले."

भीती वाटत होतीच. पण आबा येण्याआधी मी याच अंधारात डोळे मिटून एकटी बसले होते, आणि मला कोणी खाल्लं नव्हतं.

"वाटते," मी म्हणाले, "पण मी राहते. खाली पोचलात की पुन्हा हाक मारा."

उजेड उतरत गेला, केळीत दिसेनासा झाला. मी तंबूच्या दाराशी उभी राहिले. हाक आली, आणि मी ओ दिली ती एवढ्या मोठ्यानं, की झुडपातली खसफसही थांबली.