विकलेल्या घरातला माणूस

लिफ्टवाले मिस्त्री बोलका माणूस. जिना चढायला लागले की आधी त्यांचा आवाज वर पोचायचा. त्यांनी बसवलेल्या एका लिफ्टचा दोर तुटला आणि त्यांच्याच हाताखालचा फिटर कमरेखाली लुळा झाला. दोर झिजलाय हे मिस्त्रींना ठाऊक होतं. फिटरच्या बायकोची भरपाईची नोटीस आली आणि त्याच आठवड्यात मिस्त्रींनी राहतं घर मातीमोलानं मेहुण्याच्या नावावर केलं.

"नुसतं कागदावर," ते बायकोला म्हणाले. "राहायचं आपणच."

मेहुणा पक्का. "भावोजी, घर विकलंय ना तुम्ही? मग इथं दिसता कामा नये. ताई, कुणी विचारलं तर सांग, ते इथं राहत नाहीत."

तेव्हापासून मिस्त्री दिसेनासे झाले. मोठ्यानं बोलणं बंद, खिडकीत उभं राहणं बंद. बेल वाजली की ते मागच्या खोलीच्या दाराआड जात. "घरात भूत पाळलंय," सून हसून म्हणायची. हळूहळू हसणं थांबलं. बायको त्यांच्याशी कुजबुजत बोलायची, मग कमीच बोलायला लागली. एकदा ते स्वयंपाकघरात उभे असताना सून दिवा मालवून निघाली.

"अगं, मी आहे," ते म्हणाले.

ती दचकून वळली. पण तिची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीवर होती. दाढी करताना मिस्त्रींना वाटायला लागलं, आरशात आपला चेहरा जरा उशिरा येतोय.

ही विक्री खोटी आहे म्हणून फिटरच्या बायकोनं दावा लावला होता. एके दिवशी सकाळी कोर्टानं पाहणीसाठी नेमलेल्या वकीलबाई आल्या. मेहुणा मालकाच्या थाटात हजर होता.

"पाण्याचा मेन कॉक कुठाय?" बाईंनी विचारलं.

मेहुणा चार दारं उघडून आला, कॉक काही सापडेना. बाई आरामखुर्चीत टेकल्या आणि चटकन उठल्या. "ही गरम आहे. कोण बसलं होतं?"

"कुणीच नाही," बायको म्हणाली.

ती इतक्या सहज म्हणाली की दाराआड मिस्त्रींच्या अंगावर काटा आला. ती खोटं बोलत नाहीये, असं त्यांना वाटलं. त्यांनी मनगटावर नाडी चाचपली. सापडेना. मग ते दार लोटून बाहेर आले.

"कॉक जिन्याखाली आहे," ते म्हणाले. "चला, दाखवतो."

निकालाच्या दिवशी न्यायाधीश म्हणाले, "कुणाच्या मनात शिरता येत नाही, म्हणून आम्ही खुणा पाहतो. नोटिशीपाठोपाठ विक्री, घेणारा घरचाच, किंमत नावापुरती, व्यवहार गुपचूप, आणि विकणारा होता तिथंच. एखादी खूण योगायोगाची असेल. इतक्या जमल्या की हेतू उघडा पडतो." ती विक्री कोर्टानं मानली नाही. भरपाई त्याच घरातून वसूल करायची ठरली.

"बाबा, घर गेलं," सून रडत म्हणाली.

"मी तिथंच राहत होतो, असं लिहिलंय ना निकालात?"

"हो."

"पुन्हा वाच बरं."

घर विकलं गेलं, फिटरला भरपाई मिळाली. मिस्त्री त्याला भेटायला गेले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मिस्त्री ना?" तो न वळताच म्हणाला. "पाऊल ओळखतो मी तुमचं."

मिस्त्री त्याच्या पाठीशी जमिनीवर बसले.

आता ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. आत शिरण्याआधी मुद्दाम खाकरतात. पण आतून कुणी "कोण?" विचारलं, की त्यांना पटकन उत्तर सुचत नाही.