बसलेला बैल

शाळेच्या त्या प्रोजेक्टांचा मला अजून राग आहे. लेकरू पहिलीत, आणि निरोप यायचा आई-बापाच्या मोबाईलवर. 'पोळ्यानिमित्त मुलांनी मातीचा बैल बनवून आणावा. बैल उभा असावा, उंची सहा इंच, सजावट आकर्षक.' सहा वर्षांच्या बोटांना सहा इंच! हे नेमकं कुणासाठी लिहिलंय ते कळायला फार अक्कल लागत नाही. शाळेसमोरच्या स्टेशनरीवाल्याला तर ते आठ दिवस आधीच कळलं होतं. त्याच्या काउंटरवर रंगवलेले बैल रांगेत उभे होते, आणि गाड्यांतून उतरलेल्या आया ते खोक्यात घालून नेत होत्या.

मी तेव्हा शेंद्र्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये कामाला होतो. "आपण विकतचा न्यायचा नाय," मी घरात जाहीर केलं. छावणीतल्या कुंभाराकडून मळलेल्या मातीचा गोळा आणला, गॅलरीत पेपर पसरला आणि लेकीला म्हणालो, "बस हितं. तुला पायजे तसा कर." हे वाक्य मीच बोललो होतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

दोन दिवस तिनं माती सोडली नाही. बैलाचं पोट जड आणि पाय काड्यांसारखे, त्यामुळे उभा केला की तो फतकल मारायचा. चार वेळा मोडला. पाचव्या वेळी तिनं पाय पोटाखाली दुमडून चिकटवले आणि बैल सरळ बसवूनच टाकला. मान वाकडी, एक शिंग लांब, तोंड जरा म्हशीच्या वळणाचं.

"बसला कामून गं ह्यो?" बायकोनं विचारलं.

"पोळ्याला त्याला सुट्टी असती ना. मंग कशाला उभा राहील?"

शेजारच्या खाला शिवणकाम करायच्या. त्यांनी झुलीसाठी जरीच्या कापडाचा तुकडा आणून दिला आणि बैल बघून पोट धरून हसल्या. "थक गया बिचारा! बैठने दो उसको," म्हणाल्या. मग काय, लेक येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून गॅलरीत नेऊ लागली.

बैल शाळेत न्यायचा त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी मी घरीच होतो. लेक आंघोळीला गेली. मी सहज बैलाला पट्टी लावली. साडेतीन इंच भरला. आमच्या टूलरूममध्ये ड्रॉइंगमधल्या मापापेक्षा केसभर इकडं-तिकडं झालेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, रिजेक्टच्या पेटीत जातो, आणि बारा वर्षं मी हेच करत आलो होतो. दुकानातले ते बैल डोळ्यांपुढं आले. माझ्या लेकीला सगळे हसतील, या विचारानं माझं डोकं फिरलं. राग त्या आयांचा होता, निरोप पाठवणाऱ्या मॅडमचा होता, पण हात चालले ते पोरीच्या बैलावर. माती अजून ओली होती. जाड तार तोडून चारी पायांत घातली, मान सरळ केली, शिंगं सारखी केली, ओल्या बोटानं पाठ गुळगुळीत केली. बरोबर सहा इंच.

लेक आली. बैलाकडं बघितलं, मग गॅलरीत इकडं-तिकडं बघितलं.

"माझा कुठंय?"

"ह्योच की तुझा. नुसता उभा केलाय."

तिनं आईकडून वेण्या घालून घेतल्या आणि खोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसली.

शाळेतल्या स्पर्धेत त्याच बैलाचा पहिला नंबर आला. ग्रुपवर मॅडमनी लिहिलं, 'पालकांचे अभिनंदन.' पालकांचे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी तडक शाळेत गेलो. "मॅडम, सहा इंच हे कुणाच्या हाताचं माप आहे? लेकरांनी करायचंय ना? मग माप कशाला देता?" व्हरांड्यातली माणसं थांबून बघायला लागली, एवढा माझा आवाज चढला होता.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "एका मुलानं शेपूट नसलेला बैल आणला होता, सर. मी तोही ठेवून घेतला. तुमचाच तेवढा बरोबर सहा इंच निघाला."

मी आल्या पावली परतलो. घरी येऊन मी मॅडमच्या नावानं पुन्हा सुरू झालो, तेव्हा बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "त्यांच्यावर कशाला वरडता? लेकराचा बैल तर तुमी मोडला." मी तिच्यावरही खेकसलो. खरं ऐकवत नव्हतं, दुसरं काय!

दिवाळीच्या आधी मी स्वतःच पुन्हा माती आणली. शाळेचा निरोप नव्हता, स्पर्धा नव्हती. पेपर पसरला आणि लेकीला हाक मारली. "ये, पणत्या कर."

"तुमीच करा पप्पा. मी बघते."

"नाय, तूच करायच्या!" मी ओरडलो. पश्चात्तापसुद्धा मला ओरडूनच करता येत होता.

ती दचकून खाली बसली. मातीचा गोळा तळहातावर घेतला, पण बोटं काही चालेनात. मग माझ्या तोंडाकडं बघत तिनं हळूच विचारलं, "पप्पा, किती इंचाची करू?"