एकच फोटो

वकीलबाई उलटतपासणीला उभ्या राहिल्या की भल्याभल्या साक्षीदारांना घाम फुटायचा. आवाज चढवायचा नाही, पण हवं ते समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी मात्र पिंजऱ्यातल्या बाईकडे बघून त्यांनी टिपणातले प्रश्न पुन्हा एकदा चाळले.

ती शिंप्याची बायको. कुणीतरी दुकानात शिरून तिच्या नवऱ्याला भोसकलं होतं. दुकानाच्या जिन्यावरून पळणारा माणूस तिने ओझरता पाहिला होता. वकीलबाईंच्या अशिलाकडे बोट दाखवून ती छातीठोकपणे सांगत होती, "हाच तो." बाई खोटं बोलणारी नव्हती आणि तेच जड जात होतं.

"ताई, ओळख परेडच्या आधी पोलीस घरी आले होते?"

"आले होते की. फोटो दाखवला, हाच का म्हणाले."

"एकच फोटो?"

"एकच."

सरकारी वकिलांनी मान खाली घातली.

"त्याआधी चेहऱ्याबद्दल काय सांगितलं होतं तुम्ही?"

"उंच होता, एवढंच म्हणाले मी. बाकी आठवत नव्हतं तेव्हा."

इथेच थांबायला हवं होतं. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नका, असं त्या ज्युनियर वकिलांकडून घोकून घेत. तरी विचारून बसल्या, "आत्ता डोळे मिटलेत, तर जिन्यावरचा चेहरा दिसतो की फोटोतला?"

बाईने खरंच डोळे मिटले.

"फोटोतला," ती पुटपुटली.

हत्यार सापडलं नव्हतं, कपड्यांवर डाग नव्हता. होती ती एवढी एकच साक्ष. निकालाच्या दिवशी अशील निर्दोष सुटला आणि वकीलबाईंचे हात धरून ढसाढसा रडला. त्याने खून केला होता की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. विचारण्याचं त्राणही उरलं नव्हतं.

बाहेर बाकावर शिंप्याची बायको बसली होती. वकीलबाई शेजारी टेकल्या.

"म्हणजे मीच सोडवलं त्याला?"

"तुम्ही खरं बोललात, ताई. चूक तो एकच फोटो दाखवणाऱ्यांची."

"मग माझ्या माणसाला मारलं कुणी?"

"नाही सांगता येणार. फेरतपासाचा अर्ज करा. मला तुमची बाजू घेता येणार नाही, पण चांगला वकील सुचवते."

"तुमचं काहीच नको मला," ती म्हणाली. पण उठली नाही. वकीलबाईही उठल्या नाहीत.

घरी नवऱ्याने दार उघडताच विचारलं, "जिंकलीस ना?"

"सुटला तो."

"मग तोंड का असं?"

चपला न काढताच त्या खुर्चीत बसल्या. "पाणी दे आधी," म्हणाल्या.

शिंप्याच्या बायकोने स्वतःच खटपट करून फेरतपास सुरू करवला. अजून कुणी सापडलेलं नाही. फेरतपासाच्या तारखेला कोर्टात दोघी कधी समोरासमोर येतात. वकीलबाई बाजूला सरून वाट देतात, ती खाली बघत पुढे जाते.