मयत मावशी आणि सात मजले

अंधेरीच्या त्या तक्रारीची आठवण निघाली की आजही मला हसू येतं. सन ऐंशीनंतरची गोष्ट. मी तेव्हा अंधेरीत फौजदार होतो. आमच्या हद्दीत सात मजल्यांची, काचेच्या दर्शनी भागाची ऑफिस इमारत नुकतीच उभी राहिली होती. तशी इमारत तेव्हा नवलाचीच, लोक थांबून बघायचे.

एका सकाळी नाहूरकडचा एक पोस्टमन वर्तमानपत्र घेऊन ठाण्यात आला. ही इमारत एक कंपनी विकत घेणार होती, म्हणून तिच्या वकिलाने त्यात जाहीर नोटीस दिली होती. जमिनीच्या मूळ मालकीणबाई मूलबाळ नसताना मयत झाल्या असून पुतण्याने एकमेव वारस म्हणून ती जमीन बिल्डरला विकल्याचं तीत छापलं होतं.

"साहेब, या बाई मेलेल्या नाहीत," पोस्टमन म्हणाला. "परवाच मी त्यांना गावचं पत्र वाचून दाखवलं."

डायरीत नोंद करून मी हवालदाराला घेऊन नाहूरला गेलो. बाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मूळच्या मालवणकडच्या. गिरणी कामगार नवऱ्याने घेतलेल्या त्या तुकड्यावर त्यांनी कित्येक वर्षं भाजी पिकवली होती. नवरा वारल्यावर त्या मुलीकडे राहायला आल्या. जमीन पुतण्या सांभाळतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. नोटीस वाचून दाखवली तेव्हा त्यांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "चला, खय सही करूची ता सांगा."

गुन्हा दाखल करून मी पुतण्याला जबाबासाठी बोलावलं. बाईंना एव्हाना ठाण्यात सगळे मावशीच म्हणू लागले होते; त्यांना शेजारच्या खोलीत बसवलं. दार उघडंच होतं.

उत्तरं ठरवून आलेला माणूस मोठ्या गोष्टीत चुकत नाही. म्हणून मी बारीकसारीक विचारत गेलो.

"काकी कशाने गेल्या?"

"तापाने, साहेब. माझ्या मांडीवर जीव सोडला."

"तेरावं केलंत?"

"म्हणजे काय? सगळी वाडी जेवली. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबार..."

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "मेल्या, इतक्या लोकांक जेवण घातलंस, माका नाय बोलवलंस?"

हवालदार तोंड फिरवून हसला. पुतण्या उठला, पुन्हा बसला आणि शेवटी काकीच्या पायांवर पडला. त्यानंतर मला काही विचारावं लागलं नाही. मृत्यूचा खोटा दाखला कुणी करून दिला तेही त्याने सांगितलं. दोघांना पुढे शिक्षा झाली.

बिल्डरही फसलेला होता. कोर्टात तडजोड झाली आणि तळमजल्यावरचा मोठा गाळा मावशींच्या नावावर झाला. ताबा मिळाला त्या दिवशी त्यांनी मलाही बोलावलं. लिफ्टमध्ये मुलीचा दंड घट्ट धरून त्या गच्चीवर आल्या, खाली वाकून बघत म्हणाल्या, "हय माझी वांगी होती. आता सायबांची ऑफिसां पिकतली." आणि पोट धरून हसल्या.

ती इमारत नंतर दोनदा विकली गेली, नावही बदललं. गाळा मात्र मावशींच्या मुलीकडेच राहिला.

पुढे हाताखाली नवे फौजदार आले, त्यांना मी एकच सांगत असे: कागदावर माणूस मयत असला, तरी एकदा त्याचं दार वाजवून बघा.